समोरच्याची बाजू

आमच्या मजल्यावरच्या सरांइतकी वाद घालायची हौस असलेला, आणि तरीही वाद जिंकायची त्यांच्याइतकी कमी हौस असलेला माणूस करी रोडलाच काय, अख्खं लालबाग-परळ पालथं घातलं तरी सापडायचा नाही. हे वाक्य सरांच्या हाती पडलं की ते काय करतील तेही मला माहीत आहे. खिशातलं लाल पेन काढतील, वाक्याखाली रेघ मारतील आणि म्हणतील, "हा झाला दावा. पुरावा कुठाय?" पुरावा दिला की डोळे बारीक करून पुढचा प्रश्न येईल, "म्हणजे काय?" या दोन प्रश्नांनी त्यांनी आयुष्यभर माणसांना इतकं पिडलंय की बिल्डिंगमधली पोरं त्यांना पाठीमागे 'म्हणजेकाय सर' म्हणतात. सरांच्या कानावर हे नाव गेलं तेव्हा ते रागावले नाहीत. ज्याने ठेवलं त्याला बोलावून एवढंच म्हणाले, "दावा चांगला आहे. पुरावेही भरपूर मिळतील. लिहून आण."

सर दादरच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ही बातमी अजून त्यांच्यापर्यंत पोचलेली नसावी. उंच, काटकुळे, आणि खाली दूध आणायला जातानासुद्धा पूर्ण बाह्यांचा, मनगटाशी बटणं लावलेला शर्ट. वाटेत कोणी काही विचारलंच तर अर्ध्या बाह्यांत त्यांना मुद्दा मांडता येत नाही, असं काकींचं म्हणणं होतं. काकी म्हणजे त्यांची बायको. मुद्दा बसूनही मांडता येत नाही. त्यासाठी उठून उभं राहावं लागतं. जेवताना एखादा विषय निघाला की सर हातातला घास हातात ठेवून उभे राहायचे आणि काकी त्यांच्या ताटावर झाकण ठेवायच्या. आमची जुनी चाळ होती तेव्हा त्यांची आणि आमची खोली भिंतीला भिंत लागून होती. चाळीच्या जागी टॉवर आला आणि नशिबाने आम्हाला घरंही एकाच मजल्यावर मिळाली. त्यामुळे मी सरांची विद्यार्थिनी, त्यांच्या मुलीची, प्रज्ञाची, मैत्रीण आणि काकींचं, न विचारता कामाला लावता येईल असं, हक्काचं माणूस. टॉवरमध्ये आल्यावर सगळ्यांची दारं बंद झाली. सरांचं तेवढं उघडं राहिलं, आणि त्या दारात एक लाकडी खुर्ची. संध्याकाळी काकी तिथे बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची चौकशी करायच्या.

रविवारी सकाळी तळमजल्यावर, पूर्वी बुद्धविहाराला लागून असलेल्या अभ्यासिकेत, सरांचा वर्ग भरतो. कोणी वकिलीची प्रवेशपरीक्षा देणारं, कोणी स्पर्धा परीक्षेतल्या निबंधाच्या पेपरला घाबरलेलं, कोणी परदेशातल्या विद्यापीठाला निबंध पाठवायचा म्हणून आलेलं. या सगळ्यांना सर एकच गोष्ट शिकवतात, ती म्हणजे निबंधाचे मधले परिच्छेद. सुरुवात आणि शेवट यांत त्यांना काडीचा रस नाही. "वरात आणि पाठवणी सगळ्यांनाच जमते," ते म्हणतात. "मधला संसार करून दाखवा." त्या संसाराचा पहिला नियम, एका परिच्छेदात एकच मुद्दा. तो समजावताना ते लहानपणीची खोली उभी करतात. दहा बाय बाराची खोली, मध्ये लुगड्याचा पडदा, पडद्याअलीकडे आईवडील आणि भावंडं, पलीकडे काका-काकू, माळ्यावर गिरणीतून रात्रपाळी करून आलेला मामा. "एका खोलीत तीन संसार असले की कोण कोणावर ओरडतंय तेच कळत नाही. परिच्छेदाचंही तेच. प्रत्येक मुद्द्याला वेगळी खोली द्या. आपल्याला मिळाली नाही म्हणून मुद्द्याला कशाला कोंडता?" खोलीच्या दारावर पाटी हवी, म्हणजे पहिल्याच वाक्यात आत कोण राहतं ते समजलं पाहिजे. आत पुरावा हवा. पुराव्याचा अर्थ सांगायला कोणीतरी हवं. आणि शेवटच्या वाक्याने वाचकाला पुढच्या खोलीच्या दारापर्यंत नेऊन सोडायला हवं, कारण आलेल्या पाहुण्याला जिन्यात एकटं उभं करून दार लावून घेणं सरांना मंजूर नाही.

एकदा एका मुलीने लिहून आणलं होतं की सार्वजनिक अभ्यासिका टिकल्या पाहिजेत. पुरावा म्हणून पुढे लिहिलं होतं, 'आमच्या अभ्यासिकेत संध्याकाळी बसायला जागा मिळत नाही.'

"म्हणजे काय?" सरांनी विचारलं.

"म्हणजे खूप मुलं येतात, सर."

"येतात, पण का येतात? इथला पंखा चांगला असेल."

"पंखा बंद आहे, सर. दिवाळीपासून."

सर खुर्चीतून उठलेच. "अगं, मग हे लिही ना! पंखा बंद असूनही जागा मिळत नाही. म्हणजे त्यांच्या घरात याहूनही कमी जागा आहे. बघ, आता तुझा पुरावा बोलायला लागला." पोरगी इतकी हरखली की आठवडाभर भेटेल त्याला तो परिच्छेद वाचून दाखवत होती. पंखा मात्र तसाच राहिला. तो दुरुस्त झाला तर परिच्छेद पडेल, अशी सगळ्यांनाच काळजी वाटायला लागली होती.

हा उद्योग वर्गापुरता राहिला असता तर ठीक होतं. वरळी कोळीवाड्याहून एक कोळीण वॉचमनशी भांडून पाटी घेऊन वर यायची. एकदा काकी आत होत्या आणि दार सरांनी उघडलं. "पापलेट बघ, एकदम ताजा हाय," ती म्हणाली. "पुरावा?" सर म्हणाले. तिने कल्ला उचलून आतला लालभडक रंग दाखवला. "म्हणजे काय?" सरांनी विचारलं. "म्हंजे तुला काय कलत नाय," ती म्हणाली. "बायकोला बोलव." विहारातल्या शोकसभेतसुद्धा सर पहिल्या रांगेत बसायचे, आणि एखादा वक्ता 'कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण झाली आहे' म्हणाला की हळू, पण शेवटच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात विचारायचे, "म्हणजे काय?" वक्ता गडबडायचा, घाम पुसायचा आणि मग नाइलाजाने खरं काहीतरी सांगायचा. गेलेले गृहस्थ पहाटे नळाला पाणी आलं की अख्ख्या मजल्याची दारं ठोकत फिरायचे, असलं काही. आणि तेव्हा कुठे सभेला खरं रडू यायचं.

काकींना पुरावा लागत नसे. त्या पोस्टात काउंटरवर होत्या आणि समोरच्या माणसाला एका वाक्यात वाटेला लावायची त्यांना सवय होती. त्यांच्या बहिणीकडे, फणसवाडीला, जायचं ठरलं की बसने जावं की टॅक्सीने, यावर सर दोन्ही बाजू मांडायला घ्यायचे. दोन्ही बाजूंना न्याय देऊन ते खाली उतरेपर्यंत काकी टॅक्सीत बसून, ड्रायव्हरच्या गावाची आणि मुलाबाळांची सगळी माहिती काढून मोकळ्या झालेल्या असायच्या. "यांच्याशी भांडायची सोय नाही गं, वंदे," त्या मला सांगायच्या. "मी काही बोलले की हे माझंच म्हणणं माझ्यापेक्षा चांगलं करून दाखवतात. मग भांडायचं कोणाशी?"

काकी म्हणायच्या ते खरं होतं, आणि त्यालाही सरांची शिकवणच कारणीभूत होती. वादाच्या निबंधातला सगळ्यात अवघड परिच्छेद कोणता, तर समोरच्याच्या बाजूचा. तो आपण लिहायचा, मनापासून लिहायचा आणि मगच त्याला उत्तर द्यायचं. "असा लिहा," सर सांगतात, "की समोरचा म्हणाला पाहिजे, मला पण इतकं सुचलं नव्हतं. अर्धवट बाजू मांडून तिला हरवणं म्हणजे झोपलेल्या माणसाशी कुस्ती खेळणं." मी मुळात तापट. समोरच्याने तोंड उघडायच्या आत माझं उत्तर तयार असतं. मला हा परिच्छेद कधीच धड जमला नाही. सरांना तो इतका जमायचा की त्यापायी त्यांनी अभ्यासिका घालवली.

झालं असं, की सोसायटीतल्या काही लोकांना अभ्यासिकेच्या जागी जिम हवी होती. सभा बोलावली. अभ्यासिकेच्या बाजूने बोलायला अर्थातच सर. ते उभे राहिले, मनगटाची बटणं तपासली आणि नियमाप्रमाणे आधी समोरच्यांची बाजू मांडायला घेतली. आपल्या पोरांना व्यायामाला जागा नाही. बायकांना चालावंसं वाटलं तर फुटपाथवर पाय ठेवायची सोय नाही. निम्म्या घरांत मधुमेहाच्या गोळ्या आहेत. "आपल्या बापांनी मागावर उभं राहून गुडघे घालवले," सर म्हणाले, "आणि आपली पोरं बसून बसून घालवतायत." यावर अशा टाळ्या पडल्या की चेअरमननाही भरून आलं. सरांनी इतकं सुंदर सांगितल्यावर आता बोलायला काय उरलं, असं म्हणत त्यांनी जिमच्या बाजूने असणाऱ्यांना हात वर करायला सांगितलं. "अहो थांबा, उत्तर राहिलंय! माझी बाजू राहिलीय!" सर हात वर करून ओरडत होते. तो हातही मोजला गेला.

घरी आल्यावर काकींनी विचारलं, "जिंकलात?"

"बाजू फार चांगली मांडली गेली," सर म्हणाले.

"कोणाची?"

सरांनी मनगटाची बटणं सोडली. अभ्यासिका पंपाच्या खोलीशेजारच्या लहानशा खोलीत गेली, आणि तेव्हापासून पोरं पंपाच्या घरघरीत परिच्छेद लिहितात. सरांना मात्र पश्चात्ताप नव्हता. वेळ कमी पडला, एवढंच त्यांचं म्हणणं. हा किस्सा बिल्डिंगमध्ये इतका गाजला की समोरच्याची बाजू मांडायची असेल तर सरांना न्या, असं लोक थट्टेने म्हणू लागले. काकींनाही तो फार आवडायचा. दारातल्या खुर्चीवर बसून त्या तो नव्या भाडेकरूंना सांगायच्या, आणि 'तो हातही मोजला गेला' यावर स्वतःच इतक्या हसायच्या की डोळ्याला पदर लावावा लागायचा.

पुढचं लिहायला मला जड जातंय, पण ते लिहिल्याशिवाय सर पुरे होत नाहीत.

काकींच्या पोटात दुखायला लागलं, तपासण्या झाल्या आणि कॅन्सर निघाला. परळच्या हॉस्पिटलात खेपा सुरू झाल्या. केस गेले, अन्नाची चव गेली. मध्ये काही दिवस बरे गेले, आम्ही पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले, आणि मग आजार परत आला. डॉक्टर चांगले होते, त्यांनी काही लपवलं नाही. अजून एक औषध आहे म्हणाले. लागू पडलं तर थोडे महिने वाढतील, नाही पडलं तर नाही. त्यासाठी पुन्हा भरती व्हावं लागेल. काकी तिथेच म्हणाल्या, "नको. आता घरी." सर्वांना वाटलं थकून म्हणतायत. घरी आल्यावरही त्या तेच म्हणत राहिल्या.

प्रज्ञा पुण्याहून आली. ती वकील आहे, आणि वकिली कॉलेजात शिकली असली तरी वाद घालायला बापाकडे शिकली. त्या दुपारी मी पेज घेऊन गेले होते. काकी दारातल्या खुर्चीवरून आत सोफ्यावर आल्या होत्या, सर खिडकीशी बसले होते आणि प्रज्ञा उभी राहून बोलत होती. आईने औषध घेतलंच पाहिजे. हा दावा. मग डॉक्टरांचं म्हणणं, मग त्याचा अर्थ, मग पुढचा मुद्दा. एकेक खोली वेगळी, प्रत्येक दारावर पाटी. शेवटी तिचा आवाज फाटला. "आई, तू नाही म्हणालीस तर मी आयुष्यभर काय करू ते सांग." सर मान हलवत होते. त्यांनाही तेच हवं होतं. काकी जगाव्यात, एवढंच त्यांना हवं होतं. एखादा महिना वाढला तरी तो हवा होता.

काकींनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला बाई असं बोलता येत नाही. अहो, तुम्ही मांडा माझी बाजू."

"मी तुझ्या बाजूचा नाही," सर म्हणाले.

"म्हणून तर म्हणते. समोरच्याचीच बाजू तुम्हाला चांगली मांडता येते. अख्खी बिल्डिंग सांगते."

सर हसले नाहीत. खिडकीशी उभे राहिले. मनगटाची बटणं तपासली. मला तिथून निघून जावंसं वाटलं, पण काकींनी माझा हात धरला होता.

"हिचं म्हणणं असं आहे," सरांनी सुरुवात केली, अगदी रविवारच्या वर्गात करतात तशी. "हिला आता औषध नको, घर हवंय. पुरावा. मागच्या औषधानंतर ही भिंतीकडे तोंड करून पडून असायची. भाताच्या वासाने मळमळायचं म्हणून मी घरात भात बंद केला, तर ही भिंतीकडे बघतच मला विचारायची, तुम्ही काय जेवलात? हॉस्पिटलात रोज सकाळी विचारायची, आज वार कोणता. मला वाटायचं, ही विसरायला लागली. ही विसरत नव्हती. घरी जायला किती राहिलंय ते बघत होती. प्रज्ञा, तुझा फोन यायचा तेव्हा ही उठून बसायची, खाकरून आवाज नीट करायची, आणि फोन ठेवला की पडायची. ते तुला कळलं नाही, कारण तुला कळू नये म्हणूनच ती उठायची."

प्रज्ञाने तोंड फिरवलं.

"म्हणजे काय?" सरांनी स्वतःलाच विचारलं. "म्हणजे हे औषध हिला जे दिवस देईल, ते दिवस औषधच खाऊन टाकणार. मग आपल्या हाती काय उरेल? आपण सगळं केलं, हे समाधान. ते आपलं समाधान आहे, बाळा. त्यासाठी हिने का सोसायचं?"

काकी त्यांच्याकडे एकटक बघत होत्या. "मला पण इतकं सुचलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"आता याला माझं उत्तर," सर म्हणाले.

या वेळी त्यांना थांबवणारं कोणी नव्हतं. चेअरमन नव्हते, वेळ संपत आला नव्हता. काकी उत्तर ऐकायला नीट सरसावून बसल्या. खरंच ऐकायचं होतं त्यांना. प्रज्ञा डोळे पुसून बापाकडे बघत होती, सगळी आशा त्या एका परिच्छेदावर ठेवून. सरांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. बाहेर लिफ्टचं दार उघडून बंद झाल्याचा आवाज आला. "बाबा, बोला ना," प्रज्ञा म्हणाली. "तुम्हाला येतं. बोला ना!" सर आमच्या तिघींकडे बघत राहिले, आणि मग हळूच खाली बसले.

काकींनी माझा हात सोडला. "झालं," त्या म्हणाल्या. "वंदे, पेज गरम करून आण गं. आणि यांना भात लाव. किती दिवस पोळीवर काढलेत."

त्यानंतर काकी घरी राहिल्या. दुखणं कमी करायच्या गोळ्या तेवढ्या घेत होत्या. बऱ्या दिवशी दारातल्या खुर्चीवर बसायच्या, डोक्याला रुमाल बांधून, आणि कोळणीशी पूर्वीसारखीच घासाघीस करायच्या. एकदा फणसवाडीला बहिणीकडे जाऊन आल्या. सरांनी त्या दिवशी बस की टॅक्सी यावर एक शब्द काढला नाही. भात कसा लावायचा ते त्यांनी सरांना शिकवलं आणि पहिला भात बघून, ही पेज आहे की खळ, असं विचारून मनसोक्त हसल्या. थंडीच्या दिवसांत एका सकाळी सर त्यांना पेपर वाचून दाखवत होते. अग्रलेखातल्या एका वाक्याला सरांनी हटकलं, "याला पुरावा काय?" आणि काकी नेहमीसारख्या "वाचा पुढे" म्हणाल्या नाहीत म्हणून त्यांनी वर बघितलं.

काकींची शोकसभा विहारात झाली. सर पहिल्या रांगेत बसले होते, शर्टाची मनगटाची बटणं कोणीतरी लावून दिलेली. एका वक्त्याने भरून न निघणाऱ्या पोकळीचं वाक्य घेतलं आणि स्वतःच दचकून थांबला. आम्ही सगळे सरांकडे बघायला लागलो. त्यांनी विचारावं, अशी प्रत्येकाची इच्छा होती; मी तर मनात म्हणत होते, सर, विचारा, एकदा विचारा. त्यांनी विचारलं नाही. वक्ता चाचपडत पुढे निघून गेला आणि सभा कोरडीच संपली. त्याच आठवड्यात कोळीण आली. गावाला गेली होती, तिला काही माहीत नव्हतं. "बोंबील बघ, ताजा हाय," ती म्हणाली, आणि सर सवयीने हाक मारायला आत वळले. वळले आणि तसेच भिंतीला हात लावून उभे राहिले. कोळणीने एकदा त्यांच्याकडे, एकदा रिकाम्या खुर्चीकडे बघितलं, पाटी खाली ठेवली आणि दारातच फतकल मारून रडायला बसली.

प्रज्ञा पुण्याला परत गेली. फोन करते, पण बापाशी बोलते ती जेवणाखाण्यापुरतं. मला एकदा म्हणाली, "त्यांना उत्तर येत नव्हतं असं होईल का गं? बाबांना? ते मुद्दाम हरले." मी काय बोलणार? मला समोरच्याची बाजू कधीच मांडता आली नाही.

सरांचा वर्ग पुन्हा सुरू झाला. पण काही रविवारांनी पोरं माझ्याकडे तक्रार घेऊन आली. "ताई, परीक्षा जवळ आली आणि सर समोरच्याच्या बाजूपर्यंतच शिकवतात. उत्तराचं विचारलं की म्हणतात पुढच्या रविवारी." म्हणून एका संध्याकाळी मी सरांकडे गेले. दार उघडंच होतं. सर आत, सोफ्याच्या कडेला बसले होते. भात लावलेला होता. वास येत होता. मी पोरांची तक्रार सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं.

"प्रज्ञाला वाटतं मी मुद्दाम हरलो," ते म्हणाले. "नाही गं. खरंच सुचलं नाही. अजून शोधतो मी. रोज उठतो आणि शोधतो. म्हटलं, असं सांगायला हवं होतं की औषध कदाचित लागू पडलं असतं. मग मीच मांडलेली तिची बाजू आठवते. म्हटलं, मला तू हवी आहेस, असं सांगायला हवं होतं. पण तो काही मुद्दा नाही, वंदना. त्याला पुरावा कसा देणार?"

सरांनी सोफ्यावरचा पेपर घडी करून ठेवला.

"कधीकधी वाटतं, उत्तर सुचलं नाही तेच बरं झालं."

"पुरावा?" माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, आणि जीभ चावावीशी वाटली. पण सर उभे राहिले.

"पुरावा," ते म्हणाले. "त्या दारात बसून ती कोळणीशी भांडली. फणसवाडीला बहिणीच्या हातचं खाऊन आली, दोनच घास, पण खाऊन आली. माझ्या भाताला हसली. कुकरची शिट्टी किती होऊ द्यायची ते मला शिकवलं. खिडकी उघडा म्हणायची, लावा म्हणायची, परत उघडा म्हणायची. तो सभेतला किस्सा तिने घरी व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या फिजिओवाल्या मुलीला सांगितला, माझ्यासमोर, हात वर करून दाखवत. मी पेपर वाचायचो आणि ती ऐकायची."

ते थांबले. पुराव्यानंतर काय विचारायचं ते त्यांनीच मला शिकवलंय, पण मला विचारता येईना. सर माझ्याकडे बघत होते, वर्गात एखादं पोर अडलं की बघतात तसे, धीराने.

"विचार की," ते म्हणाले.

"म्हणजे काय, सर?"

सर दारातल्या खुर्चीकडे बघत राहिले.

"म्हणजे," ते म्हणाले, "घरी होती गं ती."

पुढच्या परिच्छेदाच्या दारापर्यंत नेणारं वाक्य त्यांनी जोडलं नाही. मीही मागितलं नाही. आत जाऊन दोन ताटं घेतली.